पैशाचं सोंग

आपल्याकडे म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात पण पैशाचं सोंग आणता येत नाही. ज्याने कोणी ही म्हण केली तो ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेला गेलेला नसावा. तिथे सगळा कारभार उलटा. पैसे टाकले की वाटेल ते सोंग आणता येतं, आणि तेही प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून, वर फोटो चिकटवून, वयाप्रमाणे माप छापून. चेटकीण घ्या, हाडांचा सापळा घ्या, राजकन्या घ्या, आकाशात उडणारा कुणी महाबली घ्या. सगळे ओळीने खुंट्यांना टांगलेले. पिशवी फोडायची, पोर आत कोंबायचं, पाठीमागे वेल्क्रो दाबायचं, की सोंग तयार. दीड मिनिटाचं काम.

माझा या दीड मिनिटाला विरोध आहे. २०२४ साली लेकीकडे न्यू जर्सीत सहा महिने राहून हा विरोध मी रोज तोंडी नोंदवत होते. आता लेखी नोंदवते, कारण तोंडी विरोधाला लेक मध्येच "आई, चहा टाकू का?" म्हणून थांबवू शकते. लेखी विरोधाला चहा पाजता येत नाही.

हॅलोविन म्हणजे काय हे आताशा आपल्याकडच्या पोरांनाही ठाऊक झालंय, पण माझ्या वयाच्या वाचकांसाठी चार ओळी लिहिते. ३१ ऑक्टोबरची रात्र. १ नोव्हेंबरला ख्रिस्ती संतांचा दिवस, त्याची ही आदली संध्याकाळ. मूळ मात्र त्याहून जुनं, आयर्लंड-स्कॉटलंडकडचं. सुगी संपली, थंडी आली, आणि या रात्री मेलेली माणसं फिरून घराकडे येतात अशी समजूत. म्हणजे आपली सर्वपित्रीच म्हणा ना, फक्त वडे-खीर नाही. तिकडून लोक अमेरिकेला गेले ते हे सगळं बरोबर घेऊन गेले. पोरं सोंगं घेऊन दारोदार जातात, "खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू" असं धमकावतात आणि बादलीभर गोळ्या-चॉकलेटं गोळा करून दात किडवतात. स्कॉटलंडमध्ये म्हणे पोरांना आधी गाणं नाहीतर कविता म्हणून दाखवावी लागे, मगच सफरचंद किंवा अक्रोड मिळे. अमेरिकेने ही अट काढून टाकली. फुकट मिळण्याची प्रगती ती हीच.

माझं माहेर रत्नागिरीकडचं. त्यामुळे मला यात नवल काहीच वाटलं नाही. शिमग्यात आमच्या दारात सोंगं येत आणि पोस्त मागत. आमच्या वाडीतला सोंगाड्या आईचं जुनेर नेसून, तोंडाला कोळसा फासून आणि सुंभाची शेपटी लावून आलेला मी पाहिला आहे. तो कोण आहे हे सगळ्या वाडीला माहीत असे, आणि तरी आम्ही पोरं आजीच्या मागे लपत असू. त्याने ते सोंग कुठून विकत आणलं, असा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नाही. सोंग विकत आणतात ही कल्पनाच नव्हती. ते ज्याचं त्याने काढायचं असतं.

तर नातू पाच वर्षांचा. ऑक्टोबर उजाडला तशी लेक मोबाइलवर पोशाखांची चित्रं घेऊन त्याच्यासमोर बसली. "हा हवा का? हा बघ, ह्याला लाइट लागतो." पोरगा मान हलवत होता. शेवटी म्हणाला, "मला काऊ व्हायचंय."

ह्याला जबाबदार आमचे हे. तिथे गेल्यापासून रोज रात्री काऊ-चिऊची, शेणाच्या नि मेणाच्या घराची गोष्ट सांगत होते, आणि त्यांच्या गोष्टीत आपलं घर वाहून गेलेला काऊ फार गरीब आणि मनाने चांगला होता. चिऊने दार उघडायला लावलेला उशीर पोराच्या मनाला लागला होता.

लेकीने मोबाइलवर कावळा शोधला. वटवाघूळ होतं, घुबड होतं, मोर होता, कावळाही एक सापडला, पण तो होता मोठ्या माणसाच्या मापाचा आणि चेहऱ्यावरून दरोडेखोर. "वटवाघूळ घेऊ या का? काळंच असतं," लेक म्हणाली.

इथे मी उठले. म्हटलं, "मी शिवते."

आता तुम्ही म्हणाल, आजीने नातवाला एक काळा अंगरखा शिवला, त्यात काय एवढं लिहायचं! पण तिथल्या घरात हे वाक्य मी उच्चारलं तेव्हा घरात नागीण निघाल्यासारखी शांतता पसरली. मग एकेक मुद्दा निघाला, आणि तेच मुद्दे तुमच्याही मनात असणार, म्हणून त्यांचा समाचार घेते.

पहिला मुद्दा जावयांचा. "आई, कशाला त्रास? तीस डॉलरला मिळतो. शिवलेला स्वस्त पडेल, पण तुमचे डोळे..." इथे एक गोष्ट स्वच्छ सांगते. शिवलेला स्वस्त पडत नाही. घरी शिवा म्हणजे पैसे वाचतील असं जे सांगतात त्यांनी हल्ली कापड घेतलेलं नसतं. दोन यार्ड काळं फ्लीस, म्हणजे ते लोकरीसारखं मऊ कापड, शिवाय काळं आणि करडं फेल्ट, इलॅस्टिक, दोरा, एक टोपी, असं सगळं मिळून एक्केचाळीस डॉलर झाले. त्यात कागदी बेताचा समावेश नाही. तिथे पातळ पानासारख्या कागदावर छापलेले बेत पाकिटात मिळतात, कापायचे आणि कापडावर टाचायचे. पिढ्यान्पिढ्या तिथल्या बायकांनी त्यावर पोरांची भुतं आणि भोपळे शिवले आहेत. कावळ्याचा बेत नव्हता, म्हणून मी वर्तमानपत्रावर काढला. तर अकरा डॉलर जास्त गेले, आणि माझी मजुरी धरली तर कावळा हंसाच्या भावात पडला. मला ते कबूल आहे. पण स्वस्त पडतं म्हणून कुणी स्वयंपाक करतं का घरी? काहीजण करतात म्हणा. मी करत नाही.

दुसरा मुद्दा, एकदाच तर घालायचा! अहो, एकदाच घालायचा म्हणून तर विकतचे तसे शिवतात. मी एक विकतचा पोशाख उलटा करून पाहिला. शिवण इतकी काठाला लागून होती की पोराने खाली वाकून चॉकलेट उचललं तर नाडीपासून मानेपर्यंत उसवावा. शिवणीच्या आत आपण जास्तीचं कापड ठेवतो, पोर वाढलं तर सोडवता यावं म्हणून, त्याला शिंपी लोक माया म्हणतात. विकतच्या पोशाखात एक सुतभरही माया नव्हती. मी हे लेकीला दाखवलं तर ती म्हणाली, "आई, तू कारखान्याला टोमणे मारते आहेस."

मारतेच आहे! आणि कारखान्याचा इतिहास पाहिला तर टोमणे मारण्यासारखाच आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये बेन कूपर नावाची एक कंपनी होती. १९५० ते ८० च्या दशकांत अमेरिकेतल्या लाखो पोरांनी तिची सोंगं घातली. तोंडावर पातळ प्लॅस्टिकचा मुखवटा, मागे रबर, डोळ्यांना दोन भोकं, आणि अंगात रेनकोटाच्या जातीचा एक झगा. त्या झग्याच्या छातीवर काय असे? ज्याचं सोंग घेतलं त्याचंच चित्र, आणि बऱ्याचदा नावसुद्धा! आता मला सांगा, कुठला राक्षस स्वतःच्या छातीवर स्वतःचं चित्र काढून फिरतो? ते फक्त निवडणुकीला उभे राहिलेले करतात. छातीवर नाव लिहावं लागलं, म्हणजे सोंग वठलेलं नाही ही कंपनीनेच दिलेली कबुली.

ह्यांच्या पिढ्या बदलल्या, प्लॅस्टिक सुधारलं, आता छातीत स्पंजाचे स्नायू भरून येतात. पाच वर्षांच्या पोराला खांद्यावर दोन नारळ आणि पोटावर सहा वड्या. वरून पोरगा "आई, शू" म्हणाला की तो महाबली पाठीकडून सोलावा लागतो.

शू हा हसण्यावारी नेण्याचा विषय नाही. लहान मुलाचं सोंग शिवणाऱ्याने पहिला विचार याचा करावा. अखंड झबलं शिवून मागे गळ्यापासून खाली चेन लावली की दिसायला छान दिसतं. पण पोर बारा घरं फिरून, हातात बादली घेऊन, अंधारात पाय आवळून उभं राहिलं की चेन हमखास अडकते. मी कावळ्याचे दोन भाग केले. खाली साधी इलॅस्टिकची चड्डी, वर पिसांचा अंगरखा. नातवाने तो पाहून मान्यता दिली. म्हणाला, "बरोबर. कावळ्याला चेन नसते."

मशीन लेकीकडे नव्हतंच. शेजारच्या गुजराती बेनच्या गॅरेजमध्ये एक होतं, लग्नात मिळालेलं आणि तेव्हापासून झाकलेलं. माझी घरची उषा पायाची, बैलगाडीच्या चालीने चालणारी. तिथलं मशीन विजेचं. पायाखाली एक डबी ठेवायची आणि ती दाबायची. मी अंगठा टेकला मात्र, मशीन सुटलं ते थांबेना. पहिल्या दिवशी मी कावळ्याचा डावा पंख माझ्या पदराला शिवला. हे म्हणाले, "कावळा शिवला!" त्यांना वाटलं फार मोठा विनोद झाला. पुढचे तीन दिवस ते जो भेटेल त्याला हा सांगत होते, आणि तिथल्या मराठी मंडळाच्या भोंडल्यात एका तरुण मुलीला त्यातला श्लेष समजावून सांगायला त्यांना पाऊण तास लागला. शेवटी ती "ओ, सॉरी" म्हणाली.

पिसांचं सांगते, कारण त्यात खरी गंमत आहे. फ्लीसला आणि फेल्टला कापलं तरी दशा निघत नाहीत, म्हणून कडा दुमडायला नकोत, तुरपाई नको. नुसती बोटभर रुंदीची पानं कापत सुटायचं, एका टोकाला निमुळती. ती ओळीने शिवायची, पण खालून वर. आधी तळची ओळ, मग तिच्यावर थोडी चढवून दुसरी, मग तिसरी. घरावर कौलं घालतात तशी. वरून सुरू केलं की प्रत्येक ओळीची शिवण उघडी पडते आणि कावळा उसवलेल्या गादीसारखा दिसतो. नातू माझ्या गुडघ्याशी बसून पिसं मोजून देत होता. तीसच्या पुढे त्याचे आकडे इंग्रजीत जात. एकूण एकशे बारा झाली. मधेच त्याने तीन करडी पिसं आणून दिली. म्हणाला, ही मानेला. मी म्हटलं, कावळा काळा असतो. तर म्हणाला, "आबांच्या मोबाइलमधल्या काऊची मान करडी आहे." पाहिलं तर खरंच. आपल्याकडच्या रोजच्या कावळ्याची मान करडीच असते. साठ-बासष्ट वर्षं कावळ्यांना पाहिलं, घास घातला, पिंडाला शिवावा म्हणून हात जोडले, आणि मान कधी पाहिली नाही. अमेरिकेतला कावळा मात्र सबंध काळा. म्हणजे आमचा कावळा व्हिसावर आलेला होता हेही ठरलं.

हे विकतच्या पिशवीत येत नाही हो! मला एवढंच म्हणायचं होतं आणि लेकीला ते सांगताना मी प्रवचन सुरू करायची. अमेरिकेतल्याच एका पुस्तकाचा दाखला मी तिला दिला. हार्पर ली हिची १९६० सालची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' ही कादंबरी. त्यात स्काउट नावाची लहान मुलगी हॅलोविनच्या रात्री शाळेच्या कार्यक्रमात डुकराच्या मांसाचा तुकडा झालेली असते. गावातल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईने कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी वाकवून, वर तपकिरी कापड चढवून तो पोशाख केलेला. घरी परतताना अंधारात एक दुष्ट माणूस सुरा घेऊन तिच्यावर धावतो, आणि ती जाळी वार झेलते. पोर वाचते. "विकतचा असता तर?" मी लेकीला विचारलं.

"आई, एडिसनमध्ये कोणी सुरा घेऊन धावत नाही."

"धावला तर?"

"तर तुझं फ्लीस काय करणार आहे?"

या मुद्द्यावर मी चहा घेतला.

एक मुद्दा मात्र तिचा होता आणि तो मी मान्य केला. पेटण्याचा. तिथे या रात्री कोरलेल्या भोपळ्यांत दिवे लावून ते पायऱ्यांवर ठेवतात. हल्ली पुष्कळ जण बॅटरीचे दिवे ठेवतात, पण मेणबत्त्याही असतात. झिरझिरीत जाळी, लोंबणाऱ्या बाह्या, पायघोळ झगे यांना ज्योत लागायला वेळ लागत नाही. तिथल्या ग्राहक-सुरक्षा खात्याच्या सूचना दरवर्षी येतात. पोशाख ढगळ नको, पायात येईल इतका लांब नको, अंधारात मोटारवाल्याला दिसेल अशी चमकती पट्टी लावा, नजर अडेल असा मुखवटा नको. मी पंख मनगटाशी बांधले, मधल्या बोटाला इलॅस्टिकची फाशी ठेवली, पाठीवर चमकती पट्टी लावली. चोच तोंडावर न ठेवता टोपीच्या पुढच्या छपराला काळं फेल्ट चढवून केली. ती पट्टी कावळ्याला शोभत नव्हती. पण मोटारवाल्याने कावळा म्हणून हॉर्न वाजवून उडण्याची वाट पाहिली असती तर?

विकतवाल्यांना जसं बोलते तसं माझ्याच पक्षातल्या काही बायकांनाही बोलायला हवं. घरी शिवणाऱ्यांत एक हौशी जमात आहे. त्यांचं पोर दोन वर्षांचं असतं, त्याला फक्त झोपायचं असतं, आणि त्याला त्यांनी मणी जडवलेला, अस्तर लावलेला, सतरा कळ्यांचा मोर केलेलं असतं. पिसारा इतका मोठा की पोर गाडीत बसू शकत नाही. त्याला चालवत नेतात आणि दर दहा पावलांवर फोटो काढतात. ही सोंगं शिवलेली असली तरी ती पोराची नव्हेत. पोर नुसती खुंटी. मी हे इतक्या ठामपणे सांगते, कारण चौथ्या रात्री साडेबारा वाजता मी स्वतः कावळ्याच्या पंखाला जांभळ्या चमकीची किनार लावत होते. उन्हात कावळ्याच्या पंखावर जांभळी झाक दिसते, ती यायला हवी होती. नातवाने मागितली नव्हती. तो नऊ वाजताच झोपला होता.

लेक पाणी प्यायला खाली आली. तिला म्हटलं, बघ, झाक कशी आली आहे. आणि सवयीने पुढे म्हणाले, की मुलाला काय व्हायचंय ते त्याला होऊ द्यावं, दुकानात जे टांगलेलं असेल ते त्याच्यावर लादू नये.

ती ग्लास धुऊन उपडा ठेवत म्हणाली, "मला कंडक्टर व्हायचं होतं."

मला क्षणभर कळलंच नाही.

१९८६ साल. ती पहिलीत. दादरच्या शाळेत वेशभूषा स्पर्धा. मी कचेरीत, हे फिरतीवर. मशीन होतं घरात, पण त्यावर तेव्हा इस्त्रीचे कपडे ठेवत असू. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी कचेरीतून सुटल्यावर भाड्याने पोशाख देणाऱ्या दुकानात गेले आणि झाशीची राणी घेऊन आले. पंधरा रुपये भाडं, अनामत वेगळी. तिला तो दोन मापं मोठा होता. मागून सात टाचण्या लावल्या. त्याला डांबराच्या गोळ्यांचा आणि आधीच्या कुण्या राणीच्या घामाचा वास येत होता. शाळेत पोचलो तर ओळीत चार झाशीच्या राण्या उभ्या होत्या. चौघींच्या पाठीला चार बाहुल्या. परीक्षक बाईंनी विचारलं, तू कोण? तर ही म्हणाली, "तिसरी."

हा किस्सा मी पुढे अडतीस वर्षं सांगत आले. लोक पोट धरून हसतात. तिला कंडक्टर व्हायचं होतं, हे त्या किश्शात कधी नव्हतं.

"तुला आठवत नाही," ती म्हणाली. "बाबांची जुनी खाकी पँट होती. शबनम पिशवी होती. तिकिटांची पेटी मी पुठ्ठ्याची केली होती, पट्ट्या पाडून. तू म्हणालीस, कंडक्टरला बक्षीस मिळत नाही."

राणीलाही मिळालं नव्हतं. एका भाजीवालीला मिळालं होतं, हे मला त्या वेळी का आठवावं कोण जाणे.

मी म्हटलं, "अगं, मी नोकरी करत होते."

"मीही करते," ती म्हणाली. रागाने नाही. मग माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "आई, तुला काय वाटतं, मला त्याला शिवून द्यावंसं वाटत नाही? इथे ऑक्टोबर आला की आयांच्या दोन जाती होतात, शिवणाऱ्या आणि आणणाऱ्या. आणणारीला कुणी काही म्हणत नाही. नुसतं विचारतात, 'ओह, हा दुकानातला का?' तू जे रोज बोलतेस ना, ते मी बाहेरही ऐकते."

आता हे माझ्या बाजूने लिहिलेलं पत्रक आहे, तेव्हा या मुद्द्याला उत्तर द्यायला हवं. उत्तर असं, की शिवणारी आईच असली पाहिजे असं मी कुठे म्हटलं? बापाला हात नसतात का? आमच्या ह्यांनी आयुष्यात बटण लावलेलं नाही, पण तीन संध्याकाळी बसून चाळीस पिसं कापली, सगळी वेडीवाकडी, आणि तीच खरी पिसासारखी दिसत होती. आणि शिवलंच पाहिजे असंही नाही. पुठ्ठ्याची पेटी आणि बापाची खाकी पँट यात एक टाका नव्हता. १९०९ साली मॅसॅच्युसेट्समधल्या डेनिसन या कागदाच्या कंपनीने हॅलोविनची सोंगं आणि सजावट घरी कशी करावी याचं पुस्तक काढलं, नंतर वर्षानुवर्षं काढत राहिली. त्यातले पोशाख सुरकुत्यांच्या कागदाचे. कंपनीला कागद खपवायचा होता हे उघड आहे. पण कागद विकणारा निदान पुढचं काम तुमच्यावर सोपवून थांबतो. पिशवीवाला तुम्ही कोण व्हायचं तेही ठरवून ठेवतो. माझं भांडण त्याच्याशी आहे. नोकरी करून, पोराला आणून, वरण-भात लावून रात्री नऊ वाजता मोबाइलवर वटवाघूळ शोधणाऱ्या बाईशी नाही. हे मी तिला त्या रात्री सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. किनार उसवायला घेतली. तिने दुसरी कात्री आणली आणि दुसऱ्या पंखाची उसवली.

२०२४ साली ३१ ऑक्टोबरला नरकचतुर्दशी होती. पहाटे पोराला तेल-उटणं लावून अभ्यंगस्नान घातलं आणि संध्याकाळी त्याला कावळा केला; एका दिवसात स्वच्छही केला आणि काळाही. तिथे या सुमाराला थंडी असते, पोशाखाच्या आत स्वेटर मावेल इतका मोठा शिवा असं मला बेनने बजावून सांगितलं होतं, तसा मी शिवला होता. आणि त्या दिवशी नेमका एप्रिलसारखा उकाडा! स्वेटर गेला. कावळा आत खुळखुळ्यातल्या खड्यासारखा फिरत होता. जागच्या जागी दोन टाके मारून आवळला.

मी आणि लेक त्याच्याबरोबर गेलो. पहिल्या दारात एक गोऱ्या म्हाताऱ्या बाई. त्यांनी विचारलं, "आणि तू कोण रे?"

नातू पंख पसरून म्हणाला, "आय ॲम काऊ!"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. चोच पाहिली, पंख पाहिले, एकशे बारा पिसं पाहिली. मग अतिशय सांभाळून म्हणाल्या, "गाय? वा! फार सुंदर गाय आहेस तू."

पोराने आमच्याकडे पाहिलं. मी कपाळाला हात लावला. अडतीस वर्षांनंतर पुन्हा, तू कोण? लेक पुढे होऊन काही सांगणार, तेवढ्यात त्याने छाती फुगवली आणि असा काही "काव! काव! काव!" केला की समोरच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला. बाई दारात टाळ्या वाजवत हसल्या आणि आतून नवऱ्याला बोलावून आणलं. नवऱ्यासाठी पुन्हा काव काव झालं. पुढे प्रत्येक दारात आधी "काऊ", मग गाय, मग काव काव असा क्रम पडला. खाऊ मिळवण्यासाठी काहीतरी करून दाखवायची ती स्कॉटलंडची जुनी अट आमच्या पोराने त्या गल्लीत परत सुरू केली. रस्त्यात सात महाबली भेटले. सगळे सारखे. त्यांतला एक फार वेळ आमच्या पंखाला हात लावून पाहत होता. त्याच्या आईने त्याला ओढून नेलं.

पुढचं थोडंसं आहे. ज्या दुकानातून मी कापड घेतलं ती जोॲन नावाची दुकानांची साखळी होती. १९४३ साली ओहायोतल्या क्लीव्हलंडमध्ये तिची सुरुवात झाली. गज कापून देणाऱ्या बाईंनी मला कावळ्यासाठी म्हणून दोन बोटं कापड जास्त दिलं होतं. २०२५ च्या जानेवारीत साखळीचं दिवाळं निघालं आणि मे संपेपर्यंत आठशेच्या आसपास दुकानं, एकूण एक, बंद झाली. तिथे रिकामे पडलेले मोठे गाळे ऑक्टोबरपुरते सोंगं विकणारे भाड्याने घेतात. तेव्हा त्यांतल्या काहींत पुढे काय टांगलं गेलं असेल ते मी सांगायला नको.

आणि २०२५ च्या ऑक्टोबरात लेकीचा फोन आला. आमच्याकडे सकाळचे सात. म्हणाली, "आई, त्याला यंदा विकतचा महाबली हवाय. स्पंजाचे स्नायूवाला. तू सांग त्याला."

मी फोनवर त्याच्याशी बोलले. विचारलं, यंदा वाघ होतोस का? हत्ती? निदान घुबड? तो म्हणाला, "आजी, मला मसल्स हवेत. मी ठरवलंय." आता "मी ठरवलंय" या शब्दावर मी गेलं वर्षभर व्याख्यानं दिलेली. माझ्याकडे बोलायला काही उरलं नाही. हे पलीकडून म्हणाले, "कावळा शिवला!" याही खेपेला त्यांना विनोद झाल्यासारखं वाटलं.

"मग घेऊन टाक," मी लेकीला म्हटलं.

"घेतलाय. पण बाह्या लांब आहेत ग. हाताच्या पंजावर येतात. बेनच्या गॅरेजमधून मशीन आणलंय. आत किती घेऊ?"

"कोपर वाकवून माप घे आधी. आणि स्पंजावरून टीप मारू नकोस, सुई मोडेल. त्याच्या खालून घे. कच्चा टाका घाल, घालून बघ, मग मशीनवर."

"थांब, लिहून घेते," ती म्हणाली.